बऱ्यापैकी चालणारा रोबो

अर्जातला पहिलाच प्रश्न होता, 'तुमच्या टीमचं आजवरचं सर्वांत मोठं यश कोणतं?' त्याच्याखाली आमच्या पोरांनी उत्तर लिहिलं होतं, 'आमचा रोबो बऱ्यापैकी चालतो.'

बस. पुढे पूर्णविराम, आणि खाली जवळजवळ अख्खं पान कोरं.

मी डोक्याला हात लावला. अनुदान देणारी संस्था टेक्सासमधली. तिच्याकडे देशभरातल्या शाळा अर्ज करणार, त्यातली प्रत्येक शाळा आपला रोबो आता चंद्रावर जायचाच काय तो बाकी आहे असं लिहिणार, आणि आमची मंडळी म्हणतात, बऱ्यापैकी.

"ओवेन, हे कोणी लिहिलं?" मी विचारलं.

ओवेन पाव्लिच टीमचं वेल्डिंग करतो. सहा फुटांचा गडी, पण लाजला की आधी कान लाल होतात. "सगळ्यांनी मिळून, बाई," तो म्हणाला. "आधी 'चांगला चालतो' लिहिलं होतं. मग ते जरा जास्तच वाटलं."

मी शाळेत इंग्रजी शिकवते. रोबोतलं मला ओ की ठो कळत नाही. हे काम माझ्या गळ्यात पडलं ते मी मूळची न्यू जर्सीची, म्हणजे बडबड्या, रोखठोक लोकांतली, म्हणून. टीम चालवतो तो वर्कशॉपचा मास्तर, डेल हिर्वेला. सप्टेंबरात एक दिवस तो माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला, बराच वेळ हवेविषयी बोलला आणि जाता जाता म्हणाला, "रोझॅली, तुला मागता येतं. आमच्यात कुणाला येत नाही." लॉस्ट पाइनमध्ये, म्हणजे आमच्या या गावात, हे काही कौतुकाचे शब्द नव्हेत, पण मी कौतुकच समजले आणि हो म्हणाले.

मागायची वेळ मात्र खरोखरच आली होती. इतकी वर्षं टीमचा खर्च खाणीची कंपनी उचलायची. त्या उन्हाळ्यात खाण निम्मी बंद झाली आणि कंपनीने हात वर केले. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आत स्पर्धेची प्रवेश फी भरली नाही, तर जानेवारीत सुरू होणारा हंगाम आमच्यापुरता सुरूच होणार नव्हता. आणि आयली कांगासचं ते शाळेतलं शेवटचं वर्ष होतं.

आयली टीमची कप्तान. रोबोचा सामान उचलणारा हात तिने बनवलेला, स्पर्धेत रोबो चालवणारही तीच. दोन वर्षं ती माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसली, आणि तेवढ्या काळात तिच्या तोंडून मी जितकी वाक्यं ऐकली तितकी माझी जर्सीची बहीण एका श्वासात बोलते. कंपनीचे पैसे बंद झाल्याचं कळलं त्या दिवशी ती वर्कशॉपमध्ये एकटीच बसून त्या हाताचे बोल्ट काढून पुसत होती. मी विचारलं, "काय गं, वाईट वाटतंय?" ती म्हणाली, "ठीक आहे, बाई." पुसलेला बोल्ट तिने पुन्हा पुसायला घेतला. मला रडू आलं. तिला आलं नाही, कारण ही माणसं तसली नाहीत.

ही माणसं कसली आहेत हे मला लग्न होऊन इथे आले त्या पहिल्याच रविवारी कळलं होतं. जेवताना सासूबाईंनी विचारलं, "अजून बटाटे वाढू?" मी म्हटलं, "हो, वाढा की." टेबलावरचे सगळे काटे जागच्या जागी थांबले. घरी जाताना नवऱ्याने गाडीत समजावलं, "हे बघ, पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की खरंच नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की, बरं, थोडेसे, असं म्हणून पाहिजेत तेवढे घ्यायचे."

"आणि तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर?"

"असं कसं होईल?" तो म्हणाला. त्याला तो प्रश्नच कळला नाही.

असल्या लोकांकडून मला अर्ज लिहून घ्यायचा होता. फाइल अशी होती की टीममधल्या कुणीही कुठूनही उघडून तीत लिहावं. मी संध्याकाळी 'अप्रतिम' लिहून घरी जायचे, सकाळी बघावं तर 'ठीक'. मी 'आमची टीम जिल्ह्याचा अभिमान आहे' लिहिलं, दुसऱ्या दिवशी तिथे 'आमची टीम जिल्ह्यात आहे' एवढंच उरलं. शेवटी मी पाळत ठेवली, तर चोर निघाला डेल.

"का खोडतोस?" मी त्याला मधल्या सुट्टीत गाठलं.

"खोटं वाटतं गं."

"खोटं आहे का?"

त्याने विचार केला. "नाही. पण वाटतं."

"डेल, त्या टेक्सासच्या संस्थेला कसं कळणार तुमचं काय चांगलं आहे?"

"चांगलं असलं की कळतं," तो म्हणाला आणि कॉफी ओतायला गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत दात खात राहिले.

अर्जासोबत छोटा व्हिडिओही पाठवायचा होता. त्यात प्रत्येकाने स्वतःची ओळख करून द्यायची. मी सगळ्यांना वर्कशॉपमध्ये उभं केलं आणि सांगितलं, "एकेकाने पुढे यायचं आणि स्वतःविषयी एक चांगली गोष्ट सांगायची. 'पण' हा शब्द वापरायचा नाही."

ओवेन पुढे आला. कान पेटलेच होते. "माझं वेल्डिंग... लोक म्हणतात, वाईट नाही."

"कोण लोक?"

"आई."

"तू काय म्हणतोस?"

"मी आईच्या शब्दाबाहेर नाही, बाई."

सगळे हसले, मीही हसले, आणि तेवढ्यात एक गोष्ट माझ्या हाती लागली. मी सहज विचारलं होतं, "बरं, मागच्या मार्चमध्ये डुलुथच्या स्पर्धेत तुम्ही उपांत्य फेरीत हरलात ते का? तेवढं तरी सांगा."

"समोरच्यांची मोटर चांगली होती," ओवेन म्हणाला.

"तुमची वाईट होती?"

"नाही. म्हणजे, त्यांची पण आमचीच होती."

मला काही कळेना. मग तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. सामन्याच्या आधी समोरच्या टीमची मोटर जळली. त्यांच्याकडे दुसरी नव्हती, आमच्याकडे एक जास्तीची होती. आयली ती घेऊन त्यांच्या कोपऱ्यात गेली, स्वतः बसवून दिली आणि परत आली. मग त्यांनी आम्हाला हरवलं.

"आणि हे तुम्ही अर्जात लिहिलं नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

आयलीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला सकाळी दात घासल्याचं अर्जात लिहायला सांगत होते. "त्यात काय लिहायचं, बाई? त्यांच्याकडे मोटर नव्हती."

मी त्याच दिवशी ते सगळं जसंच्या तसं लिहिलं, एकही विशेषण न लावता, आणि लगेच फाइलला असं कुलूप घातलं की माझ्याशिवाय कुणाला तीत अक्षर बदलता येऊ नये. डेल दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मी अर्ज पाठवून दिला.

ऑक्टोबर संपता संपता उत्तर आलं. मोटरची गोष्ट त्यांना आवडली होती. पैसे द्यायचे की नाही ते ठरवायला संस्थेच्या बाई स्वतः शाळेत येणार होत्या. नाव मारिसोल ओकाम्पो. आल्या त्या नेमक्या हरणांची शिकार सुरू होण्याच्या आदल्या दिवशी. बाहेर घोट्यापर्यंत बर्फ, आणि बाईंच्या पायात पातळ चामड्याचे बूट. आत येऊन त्यांनी टीमकडे पाहिलं आणि खूश होऊन म्हणाल्या, "वा, सगळ्यांनी नारिंगी जाकिटं घातलीत! टीमचा रंग का?"

"नाही," ओवेन म्हणाला. "आम्हाला कुणी हरीण समजून गोळी घालू नये म्हणून."

बाई हसल्या, पण दारापासून जरा दूर सरकून बसल्या. डेल कॉफीची किटली घेऊन आला.

"कॉफी घेणार?"

"नको, थँक यू. मी कॉफी पीत नाही."

"थोडीशी?"

"नाही, खरंच."

"अहो, गरम आहे. अर्धा कप?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि हार मानली. "बरं, द्या." डेलने काठोकाठ कप भरला. त्याचा चेहरा असा खुलला, जणू आजचा दिवस मार्गी लागला. बाईंनी तो कप न पिता बराच वेळ हातात धरून ठेवला. निदान बोटं तरी शेकली असतील.

मग रोबो चालवून दाखवला, आणि काय सांगू, त्या दिवशी तो नुसता बऱ्यापैकी चालला नाही. आयलीच्या हातात रोबो चालवायचं यंत्र आलं की ती वेगळीच मुलगी होते. पाठ ताठ, नजर पुढे. रोबो भिंतीजवळचे खोके एकामागून एक उचलून फळीवर ठेवत गेला आणि एकही पडला नाही. मी मनातल्या मनात टाळ्या पिटत होते.

"हा हात कुणी बनवला?" बाईंनी विचारलं.

सगळे आयलीकडे बघायला लागले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी. चांगला आहे."

डेलने लाजून मान खाली घातली. त्या दोन शब्दांसाठी मी सहा आठवडे घसा कोरडा केला होता.

सगळं झकास चाललं होतं. बाईंनी पोरांशी गप्पा मारल्या, माझ्या हातच्या लिंबाच्या वड्या खाल्ल्या. मग पेन खाली ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "हे बघा, आता शेवटचं. मी शिफारस फक्त त्याच शाळांची करते, ज्यांचं आमच्या पैशांवाचून खरंच अडतं. तेव्हा मनापासून सांगा. हे पैसे नाही मिळाले तर तुमची टीम चालेल का?"

आणि मी काय म्हणाले असेन? मी, न्यू जर्सीची रोझॅली, जिला मागता येतं म्हणून पुढे केलं होतं ती?

मी म्हणाले, "अहो, तुम्ही काळजी करू नका. आम्ही करू काहीतरी."

शब्द तोंडातून सुटले आणि मला कळलंसुद्धा नाही की काही बिनसलंय. इतकं ते अंगवळणी पडलं होतं. आजूबाजूला सगळ्यांनी माना डोलावल्या. डेलने तर समाधानाने डोलावली.

"नक्की?" बाईंनी विचारलं.

"हो हो," डेल म्हणाला. "कुणाला तरी आमच्याहून जास्त गरज असेल."

"होतं कसंबसं," ओवेन म्हणाला.

आम्ही सगळे बाईंकडे बघत बसलो. आता फक्त त्यांनी आणखी एकदा विचारायचं होतं, मग आम्ही म्हणणार होतो, बरं, तुम्ही इतकं म्हणताच आहात तर.

बाईंच्या चेहऱ्यावर मोठं हसू पसरलं. "किती छान वाटलं ऐकून! जिथे जाते तिथे लोक नुसतं रडगाणं गातात. स्वतःच्या पायावर उभी असलेली टीम मी पहिल्यांदाच पाहिली." त्यांनी लॅपटॉप मिटला. उठल्या. कोट घातला.

मी डेलकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. आणि मला बोलता येईना! ज्या तोंडाने आत्ताच गरज नाही म्हणून सांगितलं, त्याच तोंडाने आता आहे कसं म्हणायचं? तीस वर्षांपूर्वी मी गाडीत बसून जो प्रश्न विचारला होता, तो आता दाराकडे चालत निघाला होता आणि आम्ही सगळे त्याला वाट करून देत होतो. बाईंनी एक हातमोजा घातला, दुसरा शोधायला लागल्या. डेलने तो टेबलाखालून उचलून अदबीने त्यांच्या हातात दिला. त्या क्षणी मला त्याचा गळा धरावासा वाटला.

"बाई, थांबा."

आयली होती. ती रोबोशेजारून दोन पावलं पुढे आली होती. चेहरा पार लाल, हात पँटला पुसत होती.

"बोल ना, बाळा," ओकाम्पो बाई म्हणाल्या.

"तुम्ही दोनदाच विचारलंत."

"काय?"

"दोनदाच विचारलंत. अजून एकदा विचारा ना. प्लीज."

बाईंना काहीच उमगलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडल्यासारखे केले. तेव्हा त्या पोरीच्या समाधानासाठी म्हणाल्या, "बरं. पैसे नाही मिळाले तर तुमची टीम चालेल का?"

"नाही," आयली म्हणाली. आणि ती तिथेच थांबली नाही. "नाही चालणार. फी भरायची आहे आणि आमच्याकडे काही नाही. आम्हाला तुमचे पैसे पाहिजेत. मला पाहिजेत. माझं शेवटचं वर्ष आहे आणि मला मार्चमध्ये डुलुथला जायचंय. मला खूप जायचंय. हा हात मी दोन वर्षं खपून बनवला, त्याच्यासारखा हात तिथे कुणाकडेच नसेल. तो नुसता ठीक नाहीये. तो भारी आहे."

ओकाम्पो बाईंनी घातलेला हातमोजा काढला.

"मलाही पाहिजेत," ओवेन म्हणाला.

मग डेल पुढे आला. त्याने टोपी काढली. "मी खोटं बोललो," तो म्हणाला. "आम्हाला फार गरज आहे." एवढं बोलून तो घामाने भिजला.

ओकाम्पो बाई मटकन खुर्चीत बसल्या. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "मग पहिल्यांदाच का नाही सांगितलंत?"

"पहिल्यांदा कसं सांगणार?" ओवेनने अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

बाई आधी हसल्या, मग हसता हसता डोळे पुसायला लागल्या. एकदम थबकून त्यांनी टेबलावरच्या काठोकाठ भरलेल्या कपाकडे आणि मग डेलकडे पाहिलं. "म्हणून मघाशी ही कॉफी?"

"तुम्ही तिसऱ्यांदा हो म्हणालात," डेल म्हणाला.

"मला कॉफी खरंच आवडत नाही हो!"

"अरेरे," डेल म्हणाला आणि त्याने तो कप त्यांच्यासमोरून लगेच उचलला.

बाईंनी कोट न काढताच फोन लावला, तिकडच्या कुणाशी तरी स्पॅनिशमध्ये बोलल्या. आम्हाला एक शब्द कळत नव्हता, पण त्या बोलताना आयलीकडे बघत होत्या आणि मध्येच हसत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "या वर्षीची फी, सामान आणि डुलुथचा खर्च. कागद पुढच्या आठवड्यात येतील. मिळाले म्हणून समजा."

"थँक यू," आयली म्हणाली.

"थँक यू," सगळे एकेक करून म्हणाले. कुणी उडी मारली नाही, कुणी कुणाला मिठी मारली नाही. डेलने बाईंचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला आणि त्यांना गाडीपर्यंत सोडून आला. आल्यावर म्हणाला, "चला, आवरा." पोरांनी खोके आवरायला घेतले. मला वाटलं, या लोकांपुढे आता भिंतीवर डोकं आपटावं की काय.

आयलीने मात्र एकही खोका उचलला नाही. ती मागचं दार उघडून, जाकीट न घालता, बाहेर पार्किंगमध्ये गेली. दार तिच्यामागे बंद झालं. आणि मग ती ओरडली. शब्द नव्हते त्यात. छाती रिकामी होईस्तोवर, दम संपेपर्यंत ती ओरडली. दम घेतला आणि पुन्हा ओरडली. पलीकडच्या रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली.

ओवेनने हातातला खोका खाली टाकला आणि धावत सुटला. त्याच्यामागे बाकीचे. क्षणभराने बाहेर नारिंगी जाकिटांचा नुसता गोंधळ, बर्फात उड्या, आरोळ्या, कुणी खाली लोळतंय, कुणी कुणाला उचलतंय. डेल दारात उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तोंडाभोवती दोन्ही हात धरून आकाशाकडे तोंड केलं आणि अशी काही आरोळी ठोकली की इतक्या वर्षांत हा माणूस ती कुठे ठेवून बसला होता कोण जाणे. मी तर मघापासून रडत होते, आता रडत रडत ओरडायला लागले.

ओकाम्पो बाईंची गाडी अजून फाटकापाशीच होती. ती कचकन थांबली आणि काच खाली आली. "काय झालं?" त्या घाबऱ्याघुबऱ्या ओरडल्या. "कुणाला लागलं का?"

"नाही हो!" मी दारातूनच ओरडले. "आनंद झालाय त्यांना!"

बाईंनी एकदा त्या सगळ्या गोंधळाकडे नीट पाहून घेतलं. मग काच तशीच उघडी ठेवून हॉर्नवर हात दाबला, आणि गाव ओलांडेपर्यंत उचलला नाही.